पाच कोटी साठ लाख बावन्न हजार तीनशे एकसष्ट

२ मार्च

आज विभागाच्या बैठकीत हेडने माझ्या गळ्यात एक धोंड बांधली. वहिनी या महिन्याच्या शेवटी निवृत्त होताहेत आणि त्यांची निरोपाची संख्या मी निवडायची आहे. "घरचाच माणूस, म्हटलं तुम्हालाच मान द्यावा," असं म्हणून तो असा हसला की जणू मला सिंहासनावर बसवतोय. मान आणि काम यांतला फरक या माणसाला आयुष्यात कळलेला नाही. मी मान डोलावली, कारण नाही म्हटलं असतं तर अर्धा तास कारणं द्यावी लागली असती.

निरोपाची संख्या हे आमच्या गणित विभागाचं जुनं खूळ आहे. इतर विभागांत माणूस निवृत्त झाला की त्याला फुलं आणि भिंतीवरचं घड्याळ देतात. आम्ही एक पूर्ण संख्या देतो. वर्कशॉपचा सुतार एक पाटी करतो, तिच्यात आठ चौकोनी खाचा असतात आणि प्रत्येक खाचेत एक लाकडी आकडा बसतो. म्हणजे संख्या आठ आकडी हवी. देणाऱ्याने सभागृहात उभं राहून तिचं कूळ, रूप आणि गुण सांगायचे. कूळ म्हणजे तिचे अवयव, रूप म्हणजे तिचे आकडे, आणि गुण म्हणजे ती वागते कशी. मग निवृत्त होणाऱ्याला एक प्रश्न विचारायचा हक्क असतो. फक्त एक. देणाऱ्याने तिथल्या तिथे, फळ्यापाशी उभं राहून, त्याचं उत्तर द्यायचं. "बघून सांगतो" चालत नाही.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. दादा गेला त्याला आता बरीच वर्षं झाली. तो खरा गणिती होता, हे मी मान्य करतो, कारण न मानून काही उपयोग नाही. वहिनींनी मात्र उभा जन्म पहिल्या वर्षाच्या पोरांना शिकवण्यात घालवला. एक शोधनिबंध नाही, एक प्रमेय नाही. कुणी काहीही विचारलं की यांचं उत्तर ठरलेलं: "भाग देऊन बघा." ही संख्या मूळ आहे का, मॅडम? भाग देऊन बघा. मूळ संख्यांवर मी सोळा निबंध लिहिले आणि पोरं मात्र रांग लावतात ती यांच्या टेबलापाशी.

५ मार्च

जुन्या पाट्या आठवून पाहिल्या. मागच्या निवृत्ताला प्लस-मायनसने १,२३,४५,६७९ दिली होती. (प्लस-मायनस म्हणजे आमचा सगळ्यात तरुण प्राध्यापक. याला चहा हवा का विचारलं तरी "तसं म्हटलं तर हो, तसं म्हटलं तर नको" म्हणतो.) या संख्येला नऊने गुणलं की एकाचा आकडा नऊ वेळा ओळीने उभा राहतो. शाळेच्या गॅदरिंगमधली करामत! सभागृहाने टाळ्यांचा कडकडाट केला.

दादाला त्याच्या वेळी ३,३५,५०,३३६ मिळाली. परिपूर्ण संख्या. ती स्वतः सोडून तिचे सगळे विभाजक घ्या, बेरीज करा, पुन्हा तीच येते. दादाला परिपूर्ण संख्या देणं म्हणजे विभागाला दुसरं काही सुचलं नाही एवढंच. ती पाटी वहिनींच्या हॉलमध्ये आहे आणि मला रोज जेवताना तिच्याकडे तोंड करून बसावं लागतं.

मी तळमजल्यावर राहतो, वहिनी माझ्या डोक्यावर. दोन्ही जागा दादानेच घेतल्या होत्या. रात्रीचं जेवण वर, ही सोय आई होती तेव्हापासूनची आहे आणि ती मोडावी असं मला कधी वाटलं नाही, कारण स्वयंपाक हा वेळेचा अपव्यय आहे.

आज जेवताना पुतणीचा फोन आला. ती आणि जावई दुसऱ्या शहरात असतात. वहिनींनी निवृत्तीनंतर तिच्याकडे कायमचं राहायला यावं असं तिचं टुमणं चालू आहे. फोन ठेवून वहिनी म्हणाल्या, "भावजी, तुम्हाला काय वाटतं? जाऊ की राहू?"

"मला काय वाटायचंय? तुमचा निर्णय तुम्ही घ्या."

"तुम्हाला म्हणून काही वाटतच असेल ना."

साठीची बाई, आणि स्वतःचं स्वतःला ठरवता येत नाही! मी पानावरून उठलो. जायचं तर खुशाल जा. वर पावलांचा आवाज तरी बंद होईल.

९ मार्च

सापडली! ५,६०,५२,३६१.

इतकी चपखल सापडली की सकाळी दाढी करताना मला एकट्यालाच हसू फुटलं. हिचं वागणं असं: कुठलीही संख्या घ्या, समजा दोन. दोनाचा पाच कोटी साठ लाख बावन्न हजार तीनशे एकसष्टावा घात करा आणि त्याला हिनेच भागा. बाकी उरते दोन. तीन घेतलात तर तीन. सात तर सात. ज्या संख्येने विचाराल तीच परत हातावर ठेवते. मूळ संख्या अगदी अशाच वागतात, म्हणून घाईतले लोक हीच परीक्षा घेऊन "मूळ आहे" असा शिक्का मारून मोकळे होतात.

आणि ही मूळ नाहीच! २११, ४२१ आणि ६३१ या तीन किरकोळ संख्यांचा गुणाकार आहे नुसता. अशांना आम्ही विभागात तोतया म्हणतो.

वहिनी अगदी याच. डिग्री आहे, नोकरी आहे, हातात खडू आहे, "मॅडम, मॅडम" करणारी पोरं आहेत. साध्या परीक्षांत सगळीकडे पास. आणि आत काय? सासूची आजारपणं, नवऱ्याचं जेवणखाण, पोरीचा अभ्यास. हे तीन अवयव वेगळे काढले की गणित म्हणून हातात काही राहत नाही. सभागृहातल्या दोघातिघांना हा टोमणा कळेल, बाकीचे बावळटासारखे टाळ्या वाजवतील. निवृत्तीच्या दिवशी माणसाला त्याची खरी किंमत कुणीतरी सांगायलाच हवी.

१० मार्च

सुताराला आकडे दिले. त्याने विचारलं, "दोन सहा आणि दोन पाच आहेत, एकाच लाकडाचे करू का?" मी म्हटलं कर बाबा, कशाचेही कर.

१४ मार्च

खोकला. कॉलेजला गेलो नाही. दुपारी वहिनी गरम पाण्याचं पातेलं घेऊन खाली आल्या आणि मी वाफ घेईपर्यंत दारात उभ्या राहून पेपर तपासत होत्या. डोक्यावर टॉवेल असल्यामुळे मला बोलता येत नव्हतं, याचा फायदा घेऊन त्यांनी पुन्हा तोच विषय काढला. "लेक म्हणते खोली रंगवून घेतलीय. काय करू हो?" मी टॉवेलच्या आतून खोकलो. त्या म्हणाल्या, "बरं, बरं, बोलू नका." टेबलावरचे कागद मी आधीच पालथे घालून ठेवले होते.

कागदांवर आज बरंच काम झालं. तोतयाचं रहस्य असं आहे की २११, ४२१, ६३१ यांतून एकेक कमी केला की २१०, ४२०, ६३० उरतात, म्हणजे एकपट, दुप्पट, तिप्पट. आणि अख्ख्या संख्येतून एक कमी केला की उरलेल्या ५,६०,५२,३६० ला या तिन्हींनी नेमका भाग जातो. तिघांचं आपसांत असं जमलेलं आहे म्हणून सगळी मिळून एकाच संख्येसारखी वागतात. हे २१० सुद्धा दोन, तीन, पाच आणि सात यांचा गुणाकार, म्हणजे पहिल्या चार मूळ संख्या त्याच्या पोटात. सुंदर आहे. लिहायला नको होतं, पण लिहिलं ते लिहिलं.

आणखी: ही दोन वर्गांची बेरीज होऊ शकत नाही, तीन वर्ग लागतात. आकड्यांची बेरीज अठ्ठावीस, आणि अठ्ठावीस ही परिपूर्ण संख्या आहे. हिची स्वतःची गत मात्र उलटी. ती सोडून तिच्या सगळ्या विभाजकांची बेरीज होते जेमतेम ४,८८,८८७. साडेपाच कोटींच्या बाईला पदरात पाच लाखही नाहीत! दादाच्या संख्येशेजारी ही पाटी लागली की काय दिसेल ते मी डोळ्यांसमोर आणून पाहिलं.

प्रश्नासाठीही तयारी ठेवली आहे. वहिनी फार तर विचारतील की ही मूळ नाही हे भाग न देता कसं ओळखायचं. मग मी कडक परीक्षा घेऊन दाखवेन. दोनाचा घात ५,६०,५२,३६० च्या चौथ्या हिश्शापाशीच थांबवायचा आणि बाकी पाहायची. ती एक नसते, मूळच्या संख्येहून एकाने कमी अशीही नसते, पण तिचा वर्ग केला की मात्र बाकी एक. मूळ संख्येच्या बाबतीत असं कधी होत नाही. तिथेच तोतया फुटतो आणि ४२१ आपसूक बाहेर पडतो. साध्या प्रश्नांना वर्षानुवर्षं फसवणारी संख्या एका नेमक्या प्रश्नात चारी मुंड्या चीत होते. फळ्यावर फार छान दिसेल.

१७ मार्च

हेडच्या अकलेला तोड नाही. सुताराकडे पाटी पाहिली म्हणे. मग संगणकावर दोन टाकून पाहिला, तीन टाकून पाहिला, दोन्ही वेळा परीक्षा पास! याने लगेच नोटीस लावली: "मॅडमना निरोपादाखल एक दुर्मीळ मूळ संख्या." गणित विभागाचा प्रमुख! भाग द्यायचेही कष्ट नाहीत. मला म्हणाला, "सर, मानलं तुम्हाला. वहिनींना मूळ संख्याच शोभते." मी मूग गिळून बसलो. सभागृहात, लोकांसमोर, याचा फुगा फोडायला किती मजा येईल या विचाराने मी दिवसभर खुशीत होतो.

तेवढ्यात प्लस-मायनसने नाक खुपसलं. "सर, संख्या तशी ठीक आहे, पण तशी दिसायला काहीच नाही हो. आकड्यांत काही गंमत नाही."

मी त्याच्यावर असा उखडलो की स्टाफरूममध्ये चहाचे कप हातात तसेच राहिले. दिसण्यावर जातोस? म्हटलं, तुझ्या त्या नऊ एकांना काही आतडी आहेत का? तीन भाग एकमेकांना धरून राहतात आणि बाहेर कुणाला पत्ता लागू देत नाहीत, हे तुला दिसत नाही, आणि तू मला गंमत शिकवतोस? तो म्हणाला, "सॉरी सर, तसं म्हटलं तर…" मी बाहेर पडलो. एवढं चिडायचं काय कारण होतं कळत नाही. खोकल्याने झोप होत नाहीये.

२१ मार्च

पुतणी आणि जावई दोन दिवसांसाठी आले होते, आज गेले. जावई लिफ्ट दुरुस्तीच्या धंद्यात आहे. त्याने आल्या आल्या टेप काढून वहिनींच्या कपाटांची मापं घेतली. पुतणी पूर्वी दोन दोन पायऱ्या गाळत जिना चढायची, आता मधल्या वळणावर बसते आणि "काका, एक मिनिट" म्हणते. सुखवस्तू घरात पडली की माणसं अशी होतात. वहिनींनी वाढलेलं तिने बाजूला सारलं, वास सहन होत नाही म्हणाली. आईच्या हातचं जेवण! वहिनी रागावल्या नाहीत, उलट तिच्या पाठीवरून हात फिरवत बसल्या. हेच लाड नडतात.

निघताना पुतणी खाली माझ्या खोलीत आली. "काका, आईला काहीतरी म्हण ना."

"काय म्हणू?"

"काहीही. पण तुझ्या तोंडून. ती तुला किती वेळा विचारते."

"तिला गणिताच्या बाईसारखं वागायला सांग. प्रश्न स्वतः सोडवायचा असतो."

पुतणीने माझ्याकडे पाहिलं. डोळे तिच्या बापासारखे आहेत, त्याचा मला नेहमी त्रास होतो. "तू पण ना काका, ग्रेट आहेस," म्हणाली आणि गेली. उपहासाने म्हणाली असावी, पण उपहास कसा करावा हेही या पिढीला येत नाही.

२६ मार्च

संध्याकाळी वहिनी खाली आल्या. हातात काही नव्हतं. एरवी काहीतरी घेऊन येतात.

"भावजी, नोटीस वाचली. ती मूळ नाहीये."

"कुणी सांगितलं?"

"भाग देऊन बघितला. सुपरव्हिजनला बसले होते, तिथे दुसरं काम काय असतं. दोनशे अकराने गेला. मग म्हटलं पुढे बघू या, तर चारशे एकवीस, सहाशे एकतीस." त्या खुर्चीवर बसल्या. "तोतया देताय मला?"

या क्षणासाठी माझ्याकडे दोन झकास वाक्यं तयार होती. दोन्ही ऐन वेळी आठवली नाहीत. मी म्हटलं, "नको असेल तर दुसरी देतो. नऊने गुणली की सगळे एक येतील अशी."

"नको. हीच असू दे. मला आवडली." त्यांनी माझ्या टेबलाकडे पाहिलं. "फक्त हेडचं तिथे हसं करू नका. त्याची आई येणार आहे, गावाहून. तिला मुलाचं ऑफिस बघायचंय."

"हेडच्या आईने मुलाला भागाकार शिकवायला हवा होता."

"भावजी."

"बघतो," मी म्हटलं.

त्या गेल्या. मला वाटलं होतं त्या रडतील, निदान चिडतील तरी. रडल्या असत्या तर मी पाटी बदलूनही दिली असती, काय सांगावं. पण ज्या माणसाला अपमानसुद्धा नीट करून घेता येत नाही त्याच्यापुढे डोकं फोडून काय उपयोग? रात्री जेवायला वर गेलो. वाढलं, आणि खिडकीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. डोकं दुखत असेल.

२९ मार्च

झाला एकदाचा समारंभ.

सभागृह खच्चून भरलं होतं. पहिल्या वर्षाची पोरं मागे उभी होती, खिडक्यांत बसली होती. माझ्या निवृत्तीला यातलं चिटपाखरू येणार नाही हे मला माहीत आहे आणि मला त्याची पर्वा नाही. हेडने भाषण ठोकलं आणि शेवटी हात पसरून म्हणाला, "मॅडमसारखीच अभंग, अविभाज्य अशी ही मूळ संख्या!" पहिल्या रांगेत त्याची आई, पांढरे केस, मांडीवर पर्स, मुलाकडे डोळे लावून.

मी उठलो, फळ्यावर लिहिलं २११ × ४२१ × ६३१, आणि म्हटलं, "आमच्या प्रमुखांनी ज्याला अविभाज्य म्हटलं त्याचे हे तीन भाग. पुढच्या वेळी नोटीस लावण्याआधी पहिल्या वर्षाच्या वर्गात येऊन बसा." सभागृहात हशा पिकला. पोरं शिट्ट्या मारायला लागली. हेडचा चेहरा विटेसारखा लाल झाला. त्याच्या आईला वाटलं मुलाने काही विनोद केला, तिनेही हसून टाळ्या वाजवल्या, सगळ्यात उशिरापर्यंत. मी वहिनींकडे पाहिलं. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या.

मग मी कूळ, रूप, गुण सांगायला घेतले. तोतया हा शब्द जिथे टाकायचा होता तिथे मी २१०, ४२०, ६३० बद्दल बोलायला लागलो आणि बोलतच राहिलो. बरंच लांबलं. तिघं कशी एकमेकांना धरून असतात, एक जरी हलला तरी सगळं कसं कोसळेल, असं काहीबाही. ते लिहून आणलेलं नव्हतं. तोतया म्हणायचं राहूनच गेलं. एवढा बेत केला होता आणि अर्धा वाया गेला.

मग प्रश्न. वहिनी उठून फळ्यापाशी आल्या. मी खडू उचलला, दोनाचा घात लिहायच्या तयारीत होतो.

त्या म्हणाल्या, "भावजी, मी लेकीकडे जाऊ की इथे राहू?"

लोक हसले. मग त्यांच्या लक्षात आलं की त्या हसत नाहीयेत, तसे गप्प झाले.

मी म्हटलं, "प्रश्न संख्येविषयी हवा."

मागून प्लस-मायनसचा आवाज आला, "असा काही नियम नाही, सर." त्याच्या आयुष्यातलं पहिलं ठाम वाक्य, आणि ते त्याला इथे सुचावं!

"प्रश्न गैरलागू आहे," मी म्हटलं. "दुसरा विचारा."

"एकच असतो ना?" वहिनी म्हणाल्या. माझ्या हातात खडू होता, तो मोडला. "नाही, मला दुसरा काही विचारायचा नाही." पाटी उचलून त्या जागेवर जाऊन बसल्या.

घरगुती तमाशा चार लोकांत करायचा, याला काय म्हणावं? मी बरोबरच वागलो. कॉलेजचं सभागृह म्हणजे काही आमचं जेवणाचं टेबल नव्हे.

३० मार्च

वर गेलो नाही. वरून बोलावणंही आलं नाही. बिस्किटं खाल्ली.

२ एप्रिल

वरून खोक्यांना चिकटपट्टी लावल्याचा आवाज येतोय. म्हणजे जाताहेत. परवा जावई न्यायला येतोय, हे मला वॉचमनकडून कळलं. वॉचमनकडून!

आज स्टाफरूममध्ये प्लस-मायनस समोर येऊन बसला. मला वाटलं माफी मागतोय. तो म्हणाला, "सर, मी जुन्या लोकांना विचारलं. एकदा एका सरांनी प्रश्न केला होता, 'चहा किती वाजता आहे?' आणि देणाऱ्याने फळ्यावर 'साडेचार' असं लिहून उत्तर दिलं होतं. ते ग्राह्य धरलं गेलं." मी म्हटलं, तुला दुसरा उद्योग नाही का? तो गेला. कधी नव्हे ते "तसं म्हटलं तर" न म्हणता गेला.

चहाचा प्रश्न मलाही आठवतो. मी होतो तिथे. तेव्हा मीच मोठ्याने म्हटलं होतं की प्रश्न कुठलाही चालतो, उत्तर खरं हवं.

दुपारचा तास धड झाला नाही. फळ्यावर एक साधी बेरीज चुकली आणि पोरांनी ती न सांगता वहीत तशीच उतरवून घेतली. वहिनींच्या वर्गात त्यांनी सांगितली असती. संध्याकाळी दोनदा जिन्यापर्यंत गेलो. वर जाऊन काय म्हणायचं ते वाक्य जुळेना. सोळा निबंध लिहिलेल्या माणसाला एक वाक्य जुळू नये याची मला विलक्षण चीड येते आहे.

४ एप्रिल

गेल्या.

सकाळी टॅक्सी फाटकाशी लागली. जावई खोकी चढवत होता, मीही एक बॅग उचलली, पण ती त्याने माझ्या हातातून घेतली. वहिनी मागच्या सीटवर बसल्या होत्या, मांडीवर पाण्याची बाटली. खिडकी अर्धी उघडी होती. मी तिथे जाऊन उभा राहिलो.

"वहिनी, परवाचा तुमचा प्रश्न नियमात बसत होता."

"बरं."

"म्हणजे मी उत्तर द्यायला हवं होतं."

"मग?"

रस्त्यावरून माणसं जात होती. वॉचमन कान टवकारून उभा होता. मी म्हटलं, "राहा."

"काय?"

"राहा म्हटलं. इथेच राहा, वहिनी. जाऊ नका." माझा आवाज मलाच ओळखू आला नाही.

त्यांनी डोळ्यांना रुमाल लावला आणि मग हसल्या. "अहो, मी जाणारच होते, भावजी. फेब्रुवारीतच ठरलंय. लेकीला दिवस गेलेत. एवढी समोर दोन दिवस होती, तुमच्या लक्षात नाही आलं?"

माझ्या लक्षात आलं नव्हतं.

"मग मला विचारत कशाला होतात?" मी म्हटलं. "जेवताना, वाफ घेताना, तिथे भर सभागृहात! जायचं ठरलंच होतं तर विचारलंत कशाला?"

"ऐकायला," त्या म्हणाल्या. "राहा असं या घरात मला कुणीच कधी म्हटलं नाही. तुम्ही म्हणाल असं वाटलं होतं."

जावई पुढे बसला आणि म्हणाला, "काका, निघायला हवं, गाडी चुकेल." खिडकीची काच वर गेली.

मूर्ख बाई. मूर्ख, मूर्ख बाई. एका शब्दासाठी तीनशे लोकांसमोर उभी राहिली, आणि तो मी दिला तेव्हा टॅक्सीचं मीटर चालू होतं.